हॅलोविनचं सामान दिवाळी, नाताळ आणि होळीतही वापरून झाल्यावर

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनच्या घरासाठी हॅलोविनची खरेदी केली: अंगणाकडच्या बाजूला लावायची रंग बदलणारी एलईडी माळ, फोमचे कोरता येणारे भोपळे, बॅटरीवर मिणमिणणारे छोटे दिवे, खरा भोपळा कोरायचा हत्यारांचा संच आणि हवा भरली की उभं राहणारं एक मोठं भूत. आता मे महिना लागलाय. बाकी सगळं सामान या ना त्या सणाला पुन्हा बाहेर आलं, भूत मात्र ऑक्टोबरनंतर खोक्यातच आहे. लहान मुलांच्या घरात पहिल्यांदा हॅलोविन करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय. पैसे कुठे घालावेत याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय: दिव्यांत आणि चांगल्या भोपळ्यात.

सगळ्यात जास्त वापरली गेली ती माळ. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २० ऑक्टोबरला आलं आणि हॅलोविन ३१ ला, म्हणजे दोन सणांत दीड आठवड्याचं अंतर. वेगवेगळ्या माळा असत्या तर शिडीवर चढून एक उतरवा आणि दुसरी चढवा, हे थंडीच्या तोंडावर करावं लागलं असतं. या माळेला दिवाळीत पिवळसर उबदार पांढरा रंग ठेवला, शेजारी आकाशकंदील. भाऊबीज झाल्यावर फोनवरून नारिंगी आणि जांभळा केला. नाताळात लाल-हिरवा. फेब्रुवारीतल्या बर्फातही ती छताच्या कडेला तशीच होती, आणि होळीच्या दिवशी मुलांनी तिचे सगळे रंग एकदम चालवले. एकही दिवा बंद पडलेला नाही.

घेताना तीन गोष्टी बघाव्यात. पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपी ६५ किंवा वरचा असावा. वायफायवर चालणाऱ्या बहुतेक माळांना २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्क लागतं, तेव्हा राउटरवर ते चालू आहे ना हे आधी बघून घ्या, नाहीतर संध्याकाळ जोडणीतच जाते. आणि माळ चिकटपट्टीने लावू नका. आमच्या माळेबरोबर आलेल्या पट्ट्यांनी पहिल्या कडक थंडीत भिंत सोडली. मग पन्हळीच्या कडेला अडकणारे प्लॅस्टिकचे चिमटे आणले, ते अजून जागचे हलले नाहीत.

माळ सूर्यास्ताबरोबर आपोआप लागावी अशी सोय असेल तर ती जरूर वापरा. २००७ पासून अमेरिकेत घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात, त्यामुळे हॅलोविन नेहमी त्याच्या आधी येतो. आमच्याकडे ३१ ऑक्टोबरला सूर्य सहाच्या जरा आधी मावळतो. त्या संध्याकाळी मुलं वेश करून घरोघर खाऊ मागायला येतात. पाच वाजता आईबाबांचं बोट धरून येणारी चिमुकली परी किंवा वाघोबा भरउजेडात येतात, तेव्हा सजावटीतले दिवे दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी दाराशी भोपळे, शेवंतीच्या कुंड्या आणि मक्याचे वाळलेले ताटे हवेत. सहानंतर मोठी मुलं येतात, त्यांच्यासाठी उजेडाचा खेळ. म्हणून पायऱ्यांवर फुलं आणि भोपळे, वर माळ, अशी विभागणी आम्ही केली आणि दोन्ही वेळा घर भरलेलं दिसलं. शेवंतीच्या कुंड्या दिवाळीच्या पूजेसाठी आणल्या होत्या, हॅलोविनपर्यंत त्या छान टिकल्या.

बॅटरीच्या दिव्यांबद्दल थोडं गंभीरपणे लिहायचंय. नाण्यासारखी चपटी बॅटरी लहान मुलाने गिळली तर अन्ननलिकेला थोड्या तासांत भाजल्यासारखी जखम होते. अमेरिकेत २०२२ मध्ये ‘रीसेज लॉ’ झाला तो यासाठीच. अशा वस्तूंच्या बॅटरीचं झाकण मुलांना सहज उघडता येऊ नये, असं तो कायदा सांगतो. जुने किंवा कुठून आले ते माहीत नसलेले दिवे घरात असतील तर झाकणाला स्क्रू आहे का ते बघा. आम्ही एएए बॅटरीचे, स्क्रूच्या झाकणाचे घेतले. जरा जड आहेत, पण एका जोडीवर बऱ्याच संध्याकाळी निघतात. फोमच्या भोपळ्यात खरी ज्योत कधीच ठेवायची नाही, तिथे हेच दिवे. दिवाळीच्या पणत्या मात्र आम्ही तेलाच्याच लावल्या, उंबऱ्याच्या आत, मोठ्या माणसाच्या नजरेखाली.

फोमचे भोपळे एकदा कोरले की वर्षानुवर्षं चालतात. त्यांचा भुसा मात्र अतिशय बारीक उडतो, म्हणून कोरताना गॅरेजचं दार उघडं आणि नाकाला मास्क. त्यातला एक आम्ही कोरला नाही, हिरवट निळ्या रंगाने रंगवला. हा टील पम्पकिन. दाराशी असा भोपळा दिसला की या घरात खाऊव्यतिरिक्तही काहीतरी मिळतं, हे अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांच्या आईवडिलांना कळतं. ही कल्पना टेनेसीतली, आणि ‘फेअर’ या अन्न-अ‍ॅलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये ती देशभर नेली. माझ्या भाच्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे. आपल्या स्वयंपाकघरात दाण्याचं कूट कोशिंबिरीत, खिचडीत, भाजीत, चटणीत सगळीकडे असतं, तेव्हा तो घरी येणार म्हटलं की मी आदल्या दिवशीपासून भांडी, डाव आणि ओटा वेगळा धुऊन ठेवते. हॅलोविनच्या रात्री पन्नास घरं फिरून त्याच्या पिशवीत काय पडेल ते कोण बघणार? आमच्या दाराशी वेगळ्या भांड्यात पेन्सिली, स्टिकर आणि अंधारात चमकणाऱ्या बांगड्या ठेवल्या होत्या. अ‍ॅलर्जी नसलेल्या मुलांनीही त्यातूनच बरंचसं उचललं. या सगळ्या खरेदीतली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे हा रंगवलेला भोपळाच.

आता खरा भोपळा. कोरायच्या संचातली छोटी दातेरी करवत कामाची आहे. पातं लवचिक असतं, वळणावर अडत नाही, आणि स्वयंपाकघरातल्या सुरीपेक्षा हात सुरक्षित राहतो. गर खरवडायचा प्लॅस्टिकचा चमचा मात्र पहिल्याच भोपळ्यात वाकला. आइस्क्रीमचा जाड स्कूप त्याहून कितीतरी बरा. देठाकडून झाकण कापण्याऐवजी तळाकडून गोल कापा, म्हणजे झाकण आत पडत नाही आणि भोपळा दिव्यावर सरळ टोपीसारखा ठेवता येतो. ज्या बाजूला चेहरा कोरायचा ती बाजू आतून इंचभर जाडीपर्यंत खरवडली तर करवत सहज चालते. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत मऊ पडायला लागतो आणि खारी कुरतडतात त्या वेगळ्याच, म्हणून हे काम २८-२९ तारखेच्या आधी नको.

मुलांना या कोरण्यामागची गोष्ट सांगितली की त्यांचा हात आणखी रमतो. आयर्लंडमध्ये पूर्वी शलगम कोरून दिवे करायचे, आणि तिथून आलेल्या लोकांनी अमेरिकेत भोपळा हाती घेतला. आयर्लंडच्या मेयो काउंटीतल्या कंट्री लाइफ संग्रहालयात अशा एका जुन्या दिव्याचा साचा ठेवलाय. त्याचा चेहरा कुठल्याही भोपळ्यापेक्षा भीतिदायक आहे. माझ्या मुलीने चित्र बघून एक रुटाबागा, म्हणजे शलगमासारखाच एक मोठा कंद, कोरायला घेतला. दगडासारखा टणक निघाला, नवऱ्याने निम्मं काम केलं, पण तो दिवा दाराशी ठेवल्यावर सगळे आधी त्याच्यापाशीच थांबले.

कोरायचा मोठा भोपळा खायला घेऊ नका. बहुतेक ठिकाणी मिळतो तो हाउडन जातीचा किंवा त्यासारखाच असतो: पाणचट, धागेदार, गोडी नाही. आपला लाल भोपळा ज्या वनस्पतीचा, त्याच जातीत बटरनट हा फिकट सालीचा लांबट भोपळा येतो, म्हणून आपल्या पदार्थांना तोच जवळचा. सासूबाई त्या वेळी नाशिकहून आलेल्या होत्या. त्यांनी बटरनटचे घारगे केले. कीस तुपावर परतला, गूळ घालून तो विरघळेपर्यंत हलवला, गार झाल्यावर चिमूटभर मीठ, जायफळ, थोडा रवा आणि मावेल तेवढी कणीक. पाण्याचा थेंब नाही. खसखस लावून थापले आणि मंद आचेवर तळले. दुसऱ्या दिवशीही मऊ होते. पुढे हिवाळ्यात मी डब्यातल्या भोपळ्याच्या गराचेही करून बघितले. गर आधी कढईत बराच वेळ आटवावा लागतो, पण चव चांगली येते. डब्यावर मसाला किंवा साखर घातलेली नाही ना, ते मात्र वाचून घ्या.

कोरलेल्या भोपळ्याच्या बिया टाकू नका. धुवून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळायच्या, फडक्यावर पूर्ण कोरड्या करायच्या, मग थोडं तेल, तिखट आणि हिंग लावून ३२५ फॅरनहाइटला कुरकुरीत होईपर्यंत भाजायच्या. आमच्याकडे त्या वाटीत टिकत नाहीत.

३१ तारखेच्या जेवणाला पावभाजीच करावी, असं मी अगदी मनापासून सांगते. दर दोन मिनिटांनी घंटा वाजते, कोणीतरी दाराशी, कोणी मुलांबरोबर गल्लीत, सगळे एकत्र बसतच नाहीत. भाजी दुपारी करून स्लो कुकरमध्ये गरम ठेवली, तिच्यात बटरनटच्या फोडी कुस्करून घातल्या. रंग सुरेख आला आणि मुलांना भोपळा खातोय हे जाणवलं नाही. शेजारी बटरनटचंच भरीत: दही, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि वरून तुपा-जिऱ्याची फोडणी. येईल त्याने पाव भाजायचा, वाटी भरायची आणि पुन्हा दाराशी जायचं. समोरचे शेजारी मुलांना घेऊन आले ते आमच्याच पायऱ्यांवर बसून जेवले, आणि मार्चमध्ये त्यांनी पुन्हा पावभाजीची आठवण काढली.

भुताबद्दल थोडक्यात. त्याचा पंखा सतत चालू ठेवावा लागतो, आवाज घरात येतो, वारा सुटला की खुंट्या उपटतात, आणि पावसात भिजलं तर पूर्ण वाळवल्याशिवाय घडी घालता येत नाही, नाहीतर बुरशी धरते. धाकट्याला तर त्याची खरीच भीती वाटली आणि संध्याकाळी तो अंगणात जाईना. अगदी लहान मूल असेल तर हे घेऊ नका.

या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, हॅलोविननंतर. म्हणजे माळ आधी नारिंगी-जांभळी आणि मग पिवळी. त्याआधी १४ सप्टेंबरला गणपती, तेव्हा ती मखरामागे लावून बघणार आहे. फोमचे भोपळे आणि दिवे आणखी हवे असतील तर १ नोव्हेंबरला सकाळी दुकानात जा, उरलेला माल बऱ्याच कमी किमतीत निघतो. बटरनट मात्र ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच शेतावरच्या दुकानातून आणा. थंड, कोरड्या जागी तो दोन-तीन महिने सहज राहतो, म्हणजे दिवाळीचे घारगेही त्यातच होतात.