जुनी गाडी घेताय? स्टीअरिंगच्या आत एअरबॅग आहे का ते बघून घ्या

पिंपरीतल्या एका जुन्या गाड्यांच्या डीलरने मला 2012 चं मॉडेल विकताना दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या: गाडीला एकही ॲक्सिडेंट नाही, आणि एअरबॅगचं रिकॉल, म्हणजे सदोष भाग कंपनीकडून बदलून घेणं, आधीच्या मालकाने करून घेतलंय. दोन्ही धादांत खोटं होतं. त्या गाडीतून माझी बायको-मुलं फिरत होती, म्हणून सविस्तर लिहितोय.

गाडी एमएच 08, म्हणजे रत्नागिरी पासिंगची. सर्व्हिसिंगला कंपनीच्या सेंटरमध्ये नेली. तिथल्या ॲडव्हायझरने चासी नंबर टाकला आणि म्हणाला, "सर, डाव्या बाजूच्या एअरबॅगचं रिकॉल पेंडिंग आहे."

हे रिकॉल जपानच्या ताकाता कंपनीच्या इन्फ्लेटरचं. एअरबॅग फुगवायला त्यात अमोनियम नायट्रेट असतं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता लागली की ते खराब होतं, धडकेच्या वेळी भलत्याच जोराने पेटतं आणि इन्फ्लेटरचं धातूचं आवरणच फुटतं. ते तुकडे पिशवी फाडून मानेत, चेहऱ्यात घुसतात. एकट्या अमेरिकेत असे 25 हून जास्त मृत्यू झालेत, काही तर अगदी किरकोळ धडकेत. ताकाताने 2017 मध्ये तिथल्या कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याच वर्षी दिवाळखोरी जाहीर केली. आता विचार करा, माझी गाडी आयुष्यभर कोकणातल्या हवेत उभी होती.

पुढचं ऐका. मेकॅनिकला स्टीअरिंगच्या मधल्या कव्हरचा काळा रंग बाकीच्या चाकापेक्षा वेगळा वाटला. त्याने बॅटरी काढली, थोडा वेळ जाऊ दिला आणि मग कव्हर उघडलं. आत एअरबॅगच नव्हती. पिवळ्या कनेक्टरच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा रेझिस्टर जोडून वर काळी टेप गुंडाळली होती. म्हणजे एअरबॅग आधीच्या ॲक्सिडेंटमध्ये उघडली होती, आणि नवीन बसवण्याचा खर्च वाचवायला नुसतं कव्हर लावलं होतं. एअरबॅगचं कंट्रोल युनिट त्या सर्किटचा रोध (रेझिस्टन्स) मोजतं, आणि तेवढाच रोध तो रेझिस्टर देतो. तो जुळला की त्याला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. म्हणून डॅशबोर्डवरचा दिवा चावी फिरवल्यावर लागायचा आणि काही सेकंदांनी विझायचा, अगदी शहाण्यासारखा. डावीकडची एअरबॅग जीवघेणी आणि उजवीकडे काहीच नाही, अशी ती गाडी "फुल सेफ्टी" म्हणून विकली गेली.

डीलरचं उत्तर: "गाडी जशी आली तशी आम्ही विकतो." मी सेंटरकडून लेखी रिपोर्ट आणि उघडलेल्या कव्हरचे फोटो घेतले आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. अशी तक्रार दोन वर्षांच्या आत आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते.

रिकॉलचं पत्र कंपनी तिच्याकडे नोंद असलेल्या मालकाला पाठवते. गाडी दोन-तीन हात फिरली की ते पत्र जुन्याच पत्त्यावर जातं, तुम्हाला कधीच कळत नाही. आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाका किंवा अधिकृत सेंटरला द्या, लगेच कळतं. रिकॉलचं काम फुकट होतं, मालक कितवा आहे याच्याशी त्याचा संबंध नाही. 2021 पासून सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, पण तो नियम सात वर्षांपर्यंतच्या गाड्यांना आहे. जुन्या गाडीचं आपणच बघायचं.

दिव्यावर अजिबात भरवसा ठेवू नका. पैसे देण्याआधी अधिकृत सेंटरमध्ये स्टीअरिंगचं कव्हर उघडून दाखवायला सांगा. स्वतः उघडू नका, आत स्फोटक असतं. पुढचे सीटबेल्ट पूर्ण ओढून बघा, अडकत असतील तर गाडी ठोकलेली असू शकते. इन्शुरन्सच्या जुन्या क्लेमची माहिती मागा. आणि "एअरबॅग मूळच्या, रिकॉल पूर्ण" एवढं डीलरकडून बिलावर लिहून घ्या. त्याने टाळाटाळ केली तर ती गाडी तिथेच सोडून या.