फ्रीबीएसडी शिकताना मदत कुठे मिळते: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रोजच्या कामाच्या संगणकावर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून आता बरेच महिने झाले. सिस्टीम किती वेगवान, किती स्थिर यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते अडल्यावर मदत कुठे मिळते याबद्दल, कारण नवीन माणूस टिकतो की कंटाळून परत फिरतो हे बहुतेक वेळा त्यावरच ठरतं. माझं मत आधीच सांगते. सगळ्यात चांगली मदत मशीनमध्येच असते, फक्त ती वाचायची सवय लावून घ्यावी लागते.

ही मदत म्हणजे मॅन पानं, म्हणजे 'मॅन' आणि कमांडचं नाव टाइप केलं की पडद्यावर उघडणारी मॅन्युअलची पानं. फ्रीबीएसडी जिच्यातून आली त्या युनिक्स सिस्टीमच्या पहिल्या मॅन्युअलवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. युनिक्सचे कर्ते केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या त्या मॅन्युअलमधली नाव, वापराची पद्धत, वर्णन, संबंधित फाइल्स, ज्ञात त्रुटी ही मांडणी आजही जवळपास तशीच आहे. एकदा ती अंगवळणी पडली की कुठल्याही कमांडचं पान उघडलं तरी नजर नेमकी हव्या त्या जागी जाते.

नवख्याला सगळ्यात जड जातो तो वरचा 'सिनॉप्सिस', म्हणजे वापराच्या पद्धतीचा भाग. पण खरी माहिती तिथेच असते. चौकोनी कंसातलं दिलं नाही तरी चालतं, उभ्या रेघेने वेगळं केलेल्यातलं एकच घ्यायचं, तीन टिंबं असतील तर ते पुन्हा पुन्हा देता येतं. फाइल्स कॉपी करणाऱ्या 'सीपी'चं पान पाहा. तिथे कॅपिटल आरच्या (डिरेक्टरी आतल्या सगळ्यासकट कॉपी करण्याच्या पर्यायाच्या) कंसाच्या आत आणखी एक कंस आहे आणि त्यात एच, एल, पी हे तीन पर्याय उभ्या रेघांनी वेगळे केलेले आहेत. म्हणजे हे तिन्ही कॅपिटल आरसोबतच वापरायचे आणि त्यातला एका वेळी एकच. परिच्छेदभर मजकुराचं काम एका ओळीत झालं. ही ओळ वाचता येऊ लागली तेव्हापासून माझं बाहेर शोधणं निम्म्यावर आलं.

दुसरी गोष्ट विभागांची. विभाग १ मध्ये कमांड्स, ४ मध्ये उपकरणं, ५ मध्ये फाइल्सची रचना, ८ मध्ये सिस्टीमची देखभाल. ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवण्याचं वेळापत्रक म्हणजे क्रॉनटॅब. नुसतं 'मॅन क्रॉनटॅब' केलं तर विभाग १ मधलं, म्हणजे कमांडचं पान उघडतं. वेळापत्रकाची ओळ कशी लिहायची हे 'मॅन ५ क्रॉनटॅब'मध्ये आहे. त्याच पानात एक बारीक सूचना आहे, जी इकडचं तिकडचं वाचून शिकणाऱ्यांच्या हाती सहसा लागत नाही: महिन्यातली तारीख आणि आठवड्याचा वार दोन्ही दिले, तर दोन्ही जुळायची वाट पाहिली जात नाही, कुठलंही एक जुळलं की काम चालतं. १ आणि १५ तारखेसोबत शुक्रवार लिहिला, तर त्या दोन तारखा आणि शिवाय प्रत्येक शुक्रवार. बॅकअपची वेळ ठरवताना हे माहीत असणं फार मोलाचं आहे.

फ्रीबीएसडीचा मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे ड्रायव्हरची, म्हणजे उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमची पानं. इथे नेटवर्क कार्डाला ड्रायव्हरचंच नाव मिळतं. सिस्टीम सुरू होतानाच्या संदेशांत 'ईएम०' दिसलं, तर शेवटचा आकडा काढायचा आणि 'मॅन ४ ईएम' करायचं. इंटेलच्या कुठल्या चिप्स चालतात, कुठले पर्याय बदलता येतात, कुठला संदेश आला तर त्याचा अर्थ काय, सगळं एका पानावर. आपल्या हातातल्या यंत्राचं नाव घेऊन सरळ त्याच्या माहितीपर्यंत पोचता येणं, याचा आनंद मला अजूनही होतो.

हे जमतं कारण कर्नल (सिस्टीमचा गाभा), मूळ साधनं आणि त्यांची पानं एकाच प्रकल्पात, एकत्र तयार होतात. मशीनवरचं पान मशीनवरच्याच आवृत्तीचं असतं. इंटरनेटवरच्या उत्तरांचं तसं नाही. तिथली बहुतेक उत्तरं लिनक्ससाठी लिहिलेली असतात आणि कमांडचं नाव तेच असल्यामुळे फरक लक्षात येत नाही. लिनक्सवर फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणाऱ्या 'सेड -आय' नंतर थेट बदल लिहिता येतो; इथे त्यानंतर बॅकअप फाइलची एक्स्टेन्शन द्यावीच लागते, बॅकअप नको असेल तर रिकामे अवतरणचिन्ह. खास फ्रीबीएसडीवरचं लिखाणही जुनं होतं. १४.० आवृत्तीपासून रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) शेल, म्हणजे कमांड घेणारा प्रोग्रॅम, सीएसएचऐवजी एसएच झाला, पण आधीच्या लेखांतल्या सूचना सीएसएच धरूनच लिहिलेल्या आहेत. लेख वाचण्याआधी त्याची तारीख बघा, हे मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते.

मॅन पान संकल्पना शिकवत नाही, हेही तितकंच खरं. झेडएफएस (फाइल्स साठवण्याची व्यवस्था) म्हणजे काय, जेल (प्रोग्रॅम वेगळे कोंडून चालवायची सोय) कशासाठी, हे समजून घ्यायला हँडबुक, म्हणजे फ्रीबीएसडी प्रकल्पाचं मार्गदर्शक पुस्तक हवं. जेल आणि झेडएफएसची प्रकरणं मला उत्तम वाटली, डेस्कटॉपवरचं प्रकरण ठीकठाक. माझी पद्धत अशी: कल्पना हँडबुकमधून घ्यायची, नेमका पर्याय मात्र मॅन पानावरूनच पक्का करायचा. सेटिंगसाठी 'इटीसी' डिरेक्टरीतल्या 'डिफॉल्ट्स'मधली आरसी डॉट कॉन्फ फाइल वाचण्यासारखी आहे, जवळजवळ प्रत्येक ओळीला टिपण आहे. ती फक्त वाचायची. आपले बदल 'इटीसी'तल्या त्याच नावाच्या फाइलमध्ये.

तक्रारी आहेतच. कमांडचं नावच माहीत नसेल तर 'अ‍ॅप्रोपॉस'ने शोधायचं असतं, पण ते मुख्यतः पानाचं नाव आणि एका ओळीचं वर्णन यांतच बघतं. तुमच्या मनातला शब्द लिहिणाऱ्याने वापरलाच नसेल तर हाती काही लागत नाही, आणि 'डिस्क'सारखा शब्द दिला तर भलीमोठी यादी समोर येते. 'अ‍ॅप्रोपॉस -एस ८ डिस्क' असं विभागापुरतं शोधलं तर ती बरीच आटोक्यात येते. कितीतरी पानांवर उदाहरणं कमी आहेत आणि शिकणाऱ्याला पहिल्यांदा उदाहरणच हवं असतं. इंग्रजी कच्चं असेल त्याला हे सगळं दुप्पट अवघड जातं. मराठीत असं काही हाताशी नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाहेरून बसवलेल्या पॅकेजेसच्या पानांना मात्र मूळ सिस्टीमची शिस्त नाही. काही उत्कृष्ट, काहींना पानच नाही. तिथे एक गोष्ट उपयोगी पडते. पॅकेज बसवताना शेवटी जो संदेश झरकन वर निघून जातो, त्यात बरेचदा सर्व्हिस सुरू करण्याच्या नेमक्या ओळी असतात. 'पीकेजी इन्फो -डी' आणि पॅकेजचं नाव दिलं (डी कॅपिटल) की तो संदेश पुन्हा वाचता येतो.