फुकोज, फुकोल्डियन की आणखी काही? इंग्रजी प्रबंधात विचारवंताचं नाव वापरताना

प्रबंध किंवा शोधनिबंध इंग्रजीत लिहायचा म्हटलं की विचारवंताचं नाव सिद्धान्ताला कसं जोडायचं हा प्रश्न येतोच. इंग्रजीत तीन वाटा आहेत. पहिली साधी षष्ठी: 'फुकोज' (फ्रेंच विचारवंत फुको यांचं), 'केन्सेस' (ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचं). दुसरी 'इयन' लावून केलेलं विशेषण: 'फुकोल्डियन', 'केन्सियन'. तिसरी 'इस्ट' किंवा 'आइट'ची: 'मार्क्सिस्ट', 'आंबेडकराइट'. मराठीत 'मार्क्सवादी' म्हटलं की बहुतेक वेळा भागतं, म्हणून आपली मुलं इंग्रजीतही ही रूपं सरमिसळ वापरतात. परीक्षक तिथेच अडवतात, आणि त्यांचं बरोबर असतं. माझा कौल आधीच सांगते: शंका असेल तिथे षष्ठी.

कारण षष्ठी तुम्हाला बांधून घेते. 'केन्सेस' लिहिलं की ते केन्स यांनी कुठे म्हटलंय हे दाखवावं लागतं. 'केन्सियन' लिहिलं की त्यांच्या नावाने पुढे जे उभं राहिलं ते सगळं आत येतं. केन्स यांचा मुख्य ग्रंथ १९३६ चा. पुढच्याच वर्षी जॉन हिक्स यांनी त्यातला युक्तिवाद दोन वक्ररेषांच्या आकृतीत बसवला. व्याजदर आणि उत्पन्न यांचा मेळ दाखवणारी तीच आकृती आयएस-एलएम म्हणून आपण एम.ए.ला घोकतो. ती 'केन्सियन' आहे यात वाद नाही; पण ती केन्स यांची नाही. भविष्याच्या अनिश्चिततेवर त्यांनी इतका भर दिला होता, त्याला या आकृतीत फारशी जागाच उरली नाही. अ‍ॅक्सेल लेयोनहुफवुद यांनी १९६८ मध्ये अख्खं पुस्तक याच फरकावर लिहिलं आणि 'केन्सियन अर्थशास्त्र' व 'केन्स यांचं अर्थशास्त्र' हे दोन्ही शब्दप्रयोग त्याच्या शीर्षकात शेजारी शेजारी ठेवले. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने निदान ते शीर्षक तरी लक्षात ठेवावं.

म्हणजे 'इयन' टाकाऊ आहे का? मुळीच नाही. जिथे पद्धतीलाच ते नाव पडलंय तिथे तेच वापरायचं. 'फुकोल्डियन डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस' हे भाषेतून सत्ता कशी चालते ते तपासणाऱ्या एका संशोधनपद्धतीचं रूढ नाव आहे, ते मोडून षष्ठी घालायचं कारण नाही. त्रास होतो तो 'या प्रबंधाची चौकट फुकोल्डियन आहे' अशा वाक्यांनी. कोणते फुको? ज्ञानाचे थर उकलणारे १९६९ चे, तुरुंग आणि शिस्तीवर लिहिणारे १९७५ चे, की शेवटच्या वर्षांत स्वतःला घडवण्याच्या नीतीकडे वळलेले? विशेषण तिघांनाही एका पांघरुणाखाली घेतं. त्याऐवजी 'फुको यांनी १९७५ च्या पुस्तकात मांडलेली शिस्तीची कल्पना मी शाळेच्या वेळापत्रकाला लावून पाहते' असं लिहा. वाक्य लांबेल, पण तोंडी परीक्षेत सांभाळता येईल.

'हॅबिटस'ची, म्हणजे समाजात वाढताना अंगवळणी पडलेल्या सवयी आणि कल यांची, गोष्ट जरा वेगळी. हा शब्द फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बोर्द्यू यांचाच समजून काही जण पुढे 'बोर्द्यूझियन' लावायला कंटाळा करतात. पण मार्सेल मॉस आणि नोर्बर्ट एलियास या अभ्यासकांनी तो त्यांच्याआधी वापरला होता. तेव्हा इथे नाव लावणं गरजेचंच आहे.

आता 'मार्क्सियन' आणि 'मार्क्सिस्ट'. ढोबळ रूढी अशी की वरकड मूल्यासारख्या (मजुराने निर्माण केलेलं, पण मजुरीत त्याला न मिळणारं मूल्य) मार्क्स यांच्या विश्लेषणाला 'मार्क्सियन' आणि परंपरेला, पक्षाला, बांधिलकीला 'मार्क्सिस्ट'. सगळेच ती पाळत नाहीत. दा. ध. कोसंबी यांचं उदाहरण घ्या. गोव्यात जन्मलेला आणि पुण्यात काम केलेला हा इतिहासकार निःसंशय 'मार्क्सिस्ट'. पण भारतीय समाजाला इतिहासच नाही, हे मार्क्स यांचं विधान जसंच्या तसं स्वीकारायला त्यांनी नकार दिला. कोसंबींचं म्हणणं 'मार्क्सेस' म्हणून लिहिलंत, तर दोघांवरही अन्याय होतो.

आपल्याकडच्या बहुतेकांना खरी निवड करावी लागते ती 'आंबेडकराइट' आणि 'आंबेडकरियन' यांत. इंग्रजीत 'आइट' कधीकधी हिणवायला लावतात. रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्कींचे अनुयायी स्वतःला 'ट्रॉट्स्कीइस्ट' म्हणवतात, 'ट्रॉट्स्काइट' म्हणतात ते विरोधक. 'आंबेडकराइट'ला हा डाग नाही. चळवळीने ते नाव अभिमानाने आपलं म्हणून घेतलंय. म्हणून जलसे, साहित्य, १९५६ नंतरचा बौद्ध समाज यांच्यासाठी निःशंकपणे तेच वापरा. 'आंबेडकरियन' काही अभ्यासक विचारापुरतं वापरतात. मला ते कोरडं वाटतं, आणि त्याने नेमकेपणाही फारसा वाढत नाही. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांचा संबंध जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनाशी जोडून दाखवला. हा त्यांचा स्वतःचा युक्तिवाद आहे. त्याला 'आंबेडकराइट दृष्टिकोन' म्हटलं की एका समाजशास्त्रज्ञाचा सिद्धान्त अनुयायांच्या भूमिकेसारखा वाचला जातो. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबर यांच्या सिद्धान्ताशी आपण असं वागत नाही. तिथे 'आंबेडकर्स' आणि साल, एवढंच लिहा.

स्पेलिंगबद्दल थोडक्यात. 'फुकोल्डियन'मध्ये मूळ नावातला शेवटचा 'टी' जाऊन 'डी' येतो. 'टी' ठेवणारेही आहेत, पण कमी. बोर्द्यूंच्या विशेषणाची तीन-चार रूपं छापील मजकुरात दिसतात, त्यांतलं 'एस' घातलेलं निवडा. पहिलं अक्षर कॅपिटलच. मात्र 'मॅकियाव्हेलियन'पासून जपून राहा: वाचकाला त्यात कपटीपणाच ऐकू येतो, त्यामुळे मॅकियाव्हेलींच्या प्रजासत्ताकाविषयीच्या विचारांवर लिहिताना षष्ठीला पर्याय नाही.