प्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेट १ टक्का: सहा महिन्यांनंतर, तक्रार मुख्यतः बाटली हलवण्याची

हे स्टेरॉइडचे डोळ्यांचे ड्रॉप्स कशासाठी ते युव्हायटिसवाल्यांना (डोळ्याच्या आत सूज असणाऱ्यांना) सांगायला नको. तासातासाने सुरुवात, मग दिवसातून सहा वेळा, चार, तीन, दोन, एक ही उतरंडही पाठ असते. दोनावरून एकावर आलं की डोळा परत लाल, आत ठणका, उजेड सोसवत नाही, की पुन्हा पहिल्यापासून. असं दोनदा झालं की संशय बाटलीवर जातोच.

संशयाला आधार आहे. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे पांढरे कण नुसते तरंगत असतात. बाटली उभी राहिली की ते खाली बसतात, रात्रभरात तर चांगलाच थर. सकाळी अर्धवट झोपेत टोपण काढून बाटली उलटी केली की थर बुडालाच चिकटलेला राहतो आणि डोळ्यात पडतो तो पाणचट थेंब. बाटली उलटी ठेवायची सवय असेल तर पहिले थेंब दाट आणि पुढचे पातळ. दिवसाला १६ थेंब जात असताना हा फरक भरून निघतो. दिवसाला एकच थेंब असेल आणि तोच पाणचट, तर त्या दिवसाचा डोस बुडाला. म्हणजे हलवण्याची खरी गरज नेमकी उतरंडीच्या शेवटी, जेव्हा कंटाळा सगळ्यात जास्त. आणि ही सूचना छापलेली कुठे, तर मुंगीएवढ्या अक्षरांत, धूसर दिसणाऱ्या माणसासाठी!

टोपण घट्ट लावून, बाटली उलटीसुलटी करत १०-१५ सेकंद जोरात हलवायची. बाटली पांढरी असेल तर थर दिसत नाही, म्हणून उलटी धरून बुडावर दोन-चार टिचक्या मारायच्या आणि पुन्हा हलवायची.

थेंब एकच घालायचा. तो साधारण ४० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि खालच्या पापणीच्या खोबणीत जेमतेम ३० मावतात. दुसरा थेंब म्हणजे गालाला औषध. ५ मिलीच्या बाटलीत धरून चाला १०० थेंब. तासातासाच्या टप्प्यात ती आठवडाभरही पुरत नाही, तिथे उधळपट्टी कशाला? थेंब पडल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं बोटाने दाबून धरायचा. बाहुली मोठी करणारा थेंब (होमॅट्रोपिन, अ‍ॅट्रोपिन, जो दिला असेल तो) पाच मिनिटांच्या अंतराने. वाचता येत नाही म्हणून तो गाळणारे पुष्कळ आहेत. मग बुबुळ मागच्या भिंगाला चिकटतं, बाहुली वेडीवाकडी होते, आणि हे चिकटणं जुनं झालं की थेंबांनी सुटत नाही.

डायफ्लुप्रेडनेट ०.०५ टक्का हे दुसरं स्टेरॉइड हलवावं लागत नाही, कारण ते इमल्शन आहे, म्हणजे तेलाचे बारीक थेंब पाण्यात एकजीव झालेले. त्याचे चार थेंब याच्या आठांची बरोबरी करतात. पण डोळ्यातला दाबही ते जास्त चढवू शकतं, विशेषतः मुलांमध्ये.

आधी या ड्रॉप्सना इथे पाचपैकी दोन तारे दिले होते. ते आता चार केलेत. बाटली नीट हलवूनही दोनावरून एकावर येताना डोळा भडकत असेल तर बाटली निर्दोष आहे. आग शरीरात असू शकते: अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (कण्याचा संधिवात), सारकॉइडोसिस किंवा बेहचेट (शरीरात ठिकठिकाणी सूज आणणारे आजार), मुलांमधला संधिवात. थेंब डोळ्याच्या पुढच्या भागापुरता. मागे पडद्यापर्यंत तो पुरेसा पोचत नाही. मुलांच्या संधिवातातल्या युव्हायटिससाठी अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीची २०१९ची शिफारस स्पष्ट आहे: डोळा शांत ठेवायला तीन महिने रोज एक-दोन थेंब लागतच असतील तर पोटातून किंवा इंजेक्शनने औषध जोडा आणि थेंब कमी करा. मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) आठवड्यातून एकदाच, रोज चुकूनही नाही. पुढची पायरी बहुधा इंजेक्शनने घ्यायचं अ‍ॅडालिमुमॅब. सांध्यांसाठी इंजेक्शन ठरत असेल तर डोळ्याचं आवर्जून सांगा, कारण एटानरसेप्ट सांध्यांना चांगलं असलं तरी युव्हायटिसला फारसं उपयोगी नाही.

थेंब कमी कधी करायचे ते लालीवर ठरवू नका. संधिवात असलेल्या लहान मुलांचा डोळा बहुतेकदा लाल होतच नाही, आत सूज चालूच असते. स्लिट लॅम्पच्या (डॉक्टरांच्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाच्या) १ बाय १ मिलिमीटर झोतात सुजेच्या १६ ते २५ पेशी दिसल्या तर २+, ६ ते १५ दिसल्या तर १+. तपासणीच्या कागदावरचा हा आकडा बघायचा. शेजारी दाबाचा आकडाही. स्टेरॉइडने दाब चढतो तो बहुधा दोन ते सहा आठवड्यांत, आणि दुखत काही नाही. मोतीबिंदूही तसाच गुपचूप येतो.

एक तारा मात्र कापलेलाच राहील. उघडलेली बाटली चार आठवड्यांनी टाकायची. दिवसाला एक थेंब म्हणजे महिन्यात ३०, उरलेले ७० कचऱ्यात. एकाच डोळ्याला चालू असेल आणि लहान बाटली मिळत असेल, तर शेवटच्या टप्प्यासाठी तीच लिहून मागा.