उला ब्राउझर : जाहिरात स्वदेशीची, कसोटी रूट सर्टिफिकेटची

झोहो या भारतीय सॉफ्टवेअर कंपनीचा 'उला' ब्राउझर मे २०२३ पासूनच उपलब्ध आहे, पण त्याचा गाजावाजा झाला २०२५ मध्ये. मार्चमध्ये केंद्र सरकारच्या भारतीय वेब ब्राउझर स्पर्धेत त्याला एक कोटीचं पहिलं बक्षीस मिळालं. सप्टेंबरमध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपण झोहोची साधनं वापरू लागल्याचं जाहीर केलं आणि स्वदेशीची लाट उठली. झोहोच्याच 'अराट्टाई' या मेसेजिंग ॲपच्या मागोमाग उलाचंही नाव झालं. प्रचारात सूर दोनच: भारतीय आणि खासगीपणा जपणारा. दुसरा बऱ्यापैकी खरा आहे. पहिला मात्र जरा खरवडून बघावा लागतो.

कॉम्प्युटरवर उलाचं इंजिन, म्हणजे वेबपानं उघडून दाखवणारा गाभा, क्रोमियमच आहे, म्हणजे मुख्यतः गूगलच्या पैशावर आणि माणसांवर चालणारा मुक्त प्रकल्प. आयफोनवर ॲपलच्या नियमामुळे भारतातल्या प्रत्येक ब्राउझरला ॲपलचंच वेबकिट इंजिन वापरावं लागतं, त्याला उलाही अपवाद नाही. यात कमीपणा काही नाही. स्वतःचं इंजिन सांभाळणं मायक्रोसॉफ्टलाही झेपलं नाही आणि एज क्रोमियमवर गेला. फक्त 'संपूर्ण भारतीय' असं कोणी म्हणालं, तर ते वरच्या मजल्यापुरतं समजावं.

खरी भारतीय गोष्ट आहे रूट सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याची ग्वाही देणाऱ्या सर्टिफिकेटांच्या मुळाशी असलेलं, ब्राउझरने आधीच मान्य केलेलं सर्टिफिकेट), आणि प्रचारात तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. जुलै २०१४ मध्ये एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं उघड झालं. एनआयसी ज्या सीसीएच्या (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवरचा सरकारी नियंत्रक) रूटखाली होती, त्या रूटवरचा क्रोमचा विश्वास मग मोजक्या भारतीय डोमेनपुरता आवळला गेला. फायरफॉक्सच्या यादीत तर ते रूट कधी नव्हतंच. म्हणून सरकारी संकेतस्थळंही सर्टिफिकेट बहुतेक परदेशी कंपन्यांकडून घेतात. सीसीएच्या रूटवर विश्वास ठेवणारा ब्राउझर बनवणं हा त्या स्पर्धेचा गाभा होता. आपल्या मशीनवर ते आहे का, हे बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथून मॅनेज सर्टिफिकेट्स उघडा आणि यादीत 'सीसीए इंडिया' शोधा. रोजच्या वापरात याने आज काहीच फरक पडत नाही. शिवाय रूटवरचा विश्वास दुधारी असतो: त्याखालची कोणतीही यंत्रणा चुकली, तर कोणत्याही साइटचं खोटं सर्टिफिकेट खरं ठरतं. २०१४ मध्ये नेमकं तेच झालं होतं.

करसल्लागारांचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ब्राउझरमध्ये रूट आलं म्हणून डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी उपकरण) आपोआप चालत नाही. टोकनचा ड्रायव्हर लागतो आणि जीएसटी पोर्टलसाठी मशीनवर एमसाइनर हे सही करण्याचं सॉफ्टवेअर चालू लागतं. 'एमसाइनरशी संपर्क होत नाही' असा संदेश आला, तर एमसाइनर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा सुरू करा. मग नव्या टॅबमध्ये एचटीटीपीएसने १२७.०.०.१ हा पत्ता पोर्ट १५८५ सह उघडून इशारा स्वीकारा. ही अडचण क्रोममध्येही हीच, उपायही हाच.

क्रोममधून येताना बुकमार्क इम्पोर्टने सहज येतात. लॉगिन येत नाहीत, कारण विंडोजवर क्रोमने २०२४ पासून लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीजची किल्ली स्वतःच्या ॲपशीच बांधली आहे. पासवर्ड आले नाहीत, तर क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढा, उलात भरा आणि ती लगेच डिलीट करून रिसायकल बिनही रिकामा करा. त्या फाइलमध्ये पासवर्ड उघडे असतात. गूगल खात्याचं सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवर तेच बुकमार्क आणि पासवर्ड, इथे मिळणार नाही. २०२१ पासून गूगलने ते इतर क्रोमियम ब्राउझरना बंद केलं आहे. झोहोचं खातं काढून त्याचं सिंक वापरावं लागतं.

मोड, म्हणजे कामानुसार वेगळे कप्पे, ही उलाची सर्वात कामाची गोष्ट: वर्क, पर्सनल, डेव्हलपर, किड्स आणि ओपन सीझन. ऑफिसचं आणि घरचं एका खिडकीत मिसळत नाही, एवढ्यासाठीच तो ठेवून घ्यावा. जाहिराती आणि ट्रॅकर अडवण्याची सोय आतच आहे, त्यामुळे वेगळं एक्स्टेंशन न घालताही बातम्यांची पानं हलकी उघडतात. मात्र अशा अडवणुकीचा फटका कधी पेमेंटच्या पानाला बसतो: गेटवे दुसऱ्या डोमेनवर नेतो, तिथली कुकी अडते आणि पान गोल गोल फिरत राहतं. अशा वेळी पैसे कापले गेले नाहीत ना, हे आधी बघा. मग त्या साइटपुरतं ब्लॉकिंग बंद करा किंवा ती ओपन सीझनमध्ये उघडा. तिथे बंधनं सैल असतात, म्हणून काम झालं की लगेच बाहेर या.

क्रोम सोडून यावर यायचं की नाही, हे ठरवण्याआधी एक तपासणी करा. अबाउट पानावर क्रोमियमचा आवृत्ती क्रमांक बघा आणि त्याच दिवशीच्या क्रोमशी ताडून पाहा. क्रोमियममधलं भगदाड गूगलने बुजवलं की त्याची माहिती हल्लेखोरांनाही मिळते; उलामध्ये ती दुरुस्ती उतरेपर्यंतचे दिवस धोक्याचे. क्रमांक एकाने मागे असेल तर चालेल. दोन-तीन आवृत्त्यांचं अंतर दिसलं, तर नेटबँकिंग तेवढ्यापुरतं दुसरीकडे करा.