गालिचा खराब निघाला: हेल्पलाइन १९१५ की ग्राहक आयोग?

वॉरंटीतल्या गालिच्याच्या पाठीचा लॅटेक्स (रबरी थर) पिठासारखा झडतोय, आणि कंपनीचं उत्तर ठरलेलं: 'कूलरच्या ओलाव्यामुळे.' नागपुरात कूलर नसलेलं घर दाखवा म्हणावं!

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ फुकट आहे, घरबसल्या तक्रार नोंदवता येते आणि ती थेट कंपनीकडे जाते. नावाला जपणारी कंपनी इथेच नमते. पण हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. कंपनी अडून बसली की विषय तिथेच थांबतो.

सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा ग्राहक आयोगाचं तसं नाही. गालिचा बदलून द्या, पैसे परत करा, भरपाई द्या, असा बंधनकारक आदेश तिथे मिळतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुख्य म्हणजे दोष कूलरचा की मालाचा, हे ठरवायला आयोग नमुना प्रयोगशाळेत पाठवू शकतो. कागदावर निकालाची मुदत ३ महिने, तपासणी असल्यास ५. प्रत्यक्षात तारखा पडतच राहतात.

मी आधी १९१५ लावेन. मात्र आयोगाकडे तक्रार करायची २ वर्षांची मुदत त्याने थांबत नाही. बिल, वॉरंटी कार्ड आणि झडलेल्या पाठीचे फोटो आजच काढून ठेवा.