ट्रेक स्पीड कॉन्सेप्ट एसएलआर : कोल्हापूरच्या रस्त्यांवर

ट्रायथलॉनची सायकल, जिला टीटी म्हणजे टाइम ट्रायलची (एकट्याने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीची) सायकल म्हणतात, एकाच कामासाठी घडवलेली असते. पोहून बाहेर आलेल्या माणसाला, कोणाच्याही आडोशाशिवाय, ९० किंवा १८० किलोमीटर न्यायचे आणि पुढच्या २१ किंवा ४२ किलोमीटरच्या धावेसाठी त्याचे पाय शिल्लक ठेवायचे, एवढेच ते काम. दळण आणायला, मित्रांबरोबर गप्पा मारत रंकाळ्याला फेरी मारायला किंवा गर्दीतून वाट काढायला ती निरुपयोगी आहे आणि तशी अपेक्षा ठेवून घेणाऱ्याची निराशाच होईल.

राजाराम तलावात पहाटे पोहणाऱ्या आणि सुटीच्या दिवशी गारगोटीच्या किंवा कागलच्या रस्त्याला सायकल काढणाऱ्या कोल्हापूरकरांची संख्या आता लक्षणीय आहे. २०१९ मध्ये गोव्यात आयर्नमॅन ७०.३ ही अर्ध्या अंतराची ट्रायथलॉन स्पर्धा सुरू झाली आणि घाट उतरला की स्पर्धा गाठता येऊ लागली, तेव्हापासून ‘टीटी घ्यावी का आणि घेतली तर कोणती’ हा प्रश्न येथे वारंवार विचारला जातो. ट्रेकची स्पीड कॉन्सेप्ट एसएलआर मी बराच काळ याच रस्त्यांवर चालवतो आहे. माझे मत असे की महागड्या टीटी सायकलींत आपल्या भागाला मानवणारी ही सायकल आहे, मात्र त्याचे कारण तिच्या पवनबोगद्यातील (विंड टनेल चाचणीतील) आकड्यांत नसून तिच्या मागच्या बाजूला आहे.

ही पिढी २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये बाजारात आली. आधीच्या स्पीड कॉन्सेप्टला रिम ब्रेक होते. हिला डिस्क ब्रेक आहेत, गिअर केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीचे बसतात आणि बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस बसतो तो भाग, टी४७ या आट्यांच्या प्रकारातला आहे. पण खरा फरक आयसोस्पीडचा. ट्रेकने ही रचना प्रथम २०१२ मध्ये डोमाने या रोड सायकलीत आणली होती. सीट ट्यूब आणि टॉप ट्यूब जिथे मिळतात तिथला सांधा ताठ न ठेवता सीट ट्यूबला थोडे लवू द्यायचे, म्हणजे मागच्या चाकाला बसलेला दणका जसाच्या तसा सॅडलपर्यंत पोहोचत नाही, असे तिचे तत्त्व आहे. टीटी सायकलीच्या नळ्या वाऱ्यासाठी रुंद आणि चपट्या केलेल्या असल्यामुळे त्या उभ्या दिशेने फारच ताठ असतात. त्यात स्वार कोपरांवर रेललेला असल्यामुळे खड्डा दिसला की सॅडलवरून उठून तो पायांवर झेलण्याची सोय नसते. हा उपाय म्हणूनच रोड सायकलीपेक्षा येथे अधिक मोलाचा ठरतो.

तरीही सांगाडा हा विषय दुसऱ्या क्रमांकाचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास जाताना स्वाराच्या शक्तीचा बहुतेक भाग हवा बाजूला सारण्यात खर्च होतो आणि त्या हवेच्या विरोधातला मोठा वाटा सायकलीचा नसून स्वाराच्या शरीराचा असतो. हवेला कापण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा तर या कामाला सुमारे तेहतीस टक्के अधिक शक्ती लागते. आयर्नमॅनच्या हौशी गटात पुढच्या सायकलीपासून १२ मीटरचे अंतर राखावे लागते, म्हणजे पेलोटॉनमध्ये, सायकलस्वारांच्या घोळक्यात, लपण्याचा मार्ग बंद. १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँडने ५० सेकंदांची पिछाडी शेवटच्या २४.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये भरून काढून लोराँ फिन्यॉवर ८ सेकंदांनी विजय मिळवला, त्यात एअरोबारचा, म्हणजे कोपरे टेकवून धरायच्या पुढच्या दांड्यांचा, वाटा होता हे सर्वज्ञात आहे. हात आणि खांदे आत घेणे म्हणजे काय, हे त्या दिवसानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही. दुसऱ्या बाजूने ट्रायथलीट टेलर निबने २०२१ च्या ७०.३ जागतिक स्पर्धेत साध्या रोड सायकलीला क्लिप-ऑन (वरून जोडायचे) एअरोबार लावून तिसरा क्रमांक पटकावला. ज्याला अजून एअरोबारवर सलग तासभर राहता येत नाही, त्याने आधी काही हजार रुपयांचे क्लिप-ऑन घेऊन आपल्याच सायकलीवर ती सवय करावी आणि मगच लाखांची गोष्ट काढावी.

मापाच्या बाबतीत रोड सायकलीचा अनुभव फसवा ठरतो. रोड सायकलीच्या सीट ट्यूबचा कोन साधारण ७३ अंशांचा असतो, तर ट्रायथलॉनमध्ये बैठकीचा कोन ७६ ते ८० अंशांपर्यंत जातो. स्वार पुढे सरकतो, धड खाली जाते, पण मांडी आणि पोट यांच्यातील कोन मिटत नाही आणि सायकलीवरून उतरल्यावर धावण्याचे पाऊल लवकर सुटते. म्हणून येथे उंचीवरून माप ठरवणे चुकीचे आहे. कोपर टेकवायच्या गाद्या बॉटम ब्रॅकेटपासून किती उंच आणि किती पुढे याव्यात हे आधी फिटरकडून, म्हणजे सायकल अंगाला बसवून देणाऱ्या जाणकाराकडून, काढून घ्यावे आणि ते आकडे कोणत्या मापाच्या सांगाड्यात बसतात ते पाहावे. पुण्यातील एका दुकानात मला पाहताक्षणी ‘साहेब, तुम्हाला लार्जच लागणार’ असे सांगण्यात आले. माझ्याकडील फिटिंगच्या कागदावर गाद्यांची जी उंची होती, ती लार्जमध्ये सर्वांत खालच्या जागीही मिळत नव्हती. विक्रेत्याने तो कागद उलटसुलट पाहून बाजूला ठेवला आणि दुकानात उभी असलेली लार्ज विकण्याचा प्रयत्न पुढे चालू ठेवला. मी मीडियम दुसरीकडून मागवली. दुकान कोणतेही असो, शिलकीत असलेले माप तेच गिऱ्हाइकाचे माप ठरण्याची शक्यता असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

एसएलआरमध्ये गाद्या एका मध्यवर्ती खांबावर उभ्या असतात आणि त्यांची उंची व तिरकेपणा बदलता येतो. एक्स्टेन्शन (हातात धरायचे पुढचे दांडे) किंचित वर उचलून घेतल्या की मनगटे आणि मान यांना आराम मिळतो. कागलपलीकडे निपाणीच्या दिशेने दीर्घ फेरी मारताना याचा फायदा प्रकर्षाने जाणवला. सॅडल मात्र मी लगेच बदलले. पुढे झुकल्यावर वजन ज्या जागी येते ती जागा पाहता दुभागलेल्या नाकाचे सॅडल ही ट्रायथलॉनमध्ये चैन नसून गरज आहे.

प्रत्यक्ष चालवताना पहिली कसोटी गारगोटी रस्त्याची. कळंबा सोडून इस्पुर्लीच्या पुढे मुधाळतिट्ट्याकडे जाताना चांगले डांबर, ठिगळे आणि गावागावांतले गतिरोधक असा क्रम लागतो. खडबडीत पट्ट्यावर पुढचे चाक हातांना सगळे कळवते, कारण आयसोस्पीड मागे आहे आणि पुढच्या बाजूला तसा दिलासा काहीच नाही. मागच्या बाजूचा फरक मात्र नि:संशय आहे : जिथे माझ्या आधीच्या ताठ सायकलीवर पेडल मारणे थांबवून उठावे लागे, तिथे या सायकलीवर बसून लय टिकवता येते. मी २८ मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर बसवले आहेत आणि हवा कमी ठेवतो. आपल्या रस्त्यांवर दाब वाढवून वेग मिळतो हा समज सोडून द्यावा. टायर उसळत राहिला की शक्ती उसळण्यातच जाते.

गळिताच्या हंगामात या रस्त्याचे रूप पालटते. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, रस्त्यावर सांडलेली कांडी आणि बैलांच्या पत्रीचे खिळे यांतून टीटी सायकल नेणे म्हणजे सतत हात ब्रेकवर ठेवणे. एअरोबारवर असताना बोटांखाली गिअरची बटणे असतात, ब्रेक नसतात. ब्रेक बेस बारच्या (खालच्या मुख्य हँडलच्या) टोकांना असतात आणि तिथवर हात पोहोचेपर्यंत सायकल बरीच पुढे गेलेली असते. सेवा रस्त्यावर उलट दिशेने येणारी दुचाकी हा आपल्याकडचा नित्याचा प्रकार असल्यामुळे, समोरचे दीडदोनशे मीटर स्पष्ट दिसत नसतील तर एअरोबारवर जाऊ नये. महामार्गाचा सातारा ते कागल टप्पा सहापदरीकरणामुळे वळणे आणि खडी यांनी भरलेला असतो, म्हणून त्या बाजूला मी फक्त पहाटे जातो.

वाऱ्याचे गणित वेगळे. खोल रिमची चाके, विशेषतः पुढचे, आडव्या वाऱ्यात हँडल ओढतात. हवाईच्या कोना येथील आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत मागच्या डिस्क चाकावर (आऱ्यांऐवजी पूर्ण बंद असलेल्या) वर्षानुवर्षे बंदी राहिली ती तिथल्या आडव्या वाऱ्यांमुळेच. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर गगनबावड्याच्या बाजूकडून येणारा पश्चिमेचा वारा मोकळ्या शेतांवरून येताना चांगलाच जोर धरतो आणि ट्रक बाजूने गेला की क्षणभर हवा तुटून पुन्हा थडकते. स्पीड कॉन्सेप्टचा सांगाडा अशा वेळी शांत राहतो. बेचैनी येते ती चाकाची. पुढे पन्नास मिलिमीटरच्या आसपासचे आणि मागे त्याहून खोल चाक, ही माझ्या वजनाला मानवलेली जोडी आहे. हलक्या स्वाराने त्याहूनही कमी खोलीचे घ्यावे.

पन्हाळ्याला ही सायकल नेऊ नये असे नाही, पण वाघबीळपासूनच्या चढात तिचा एकही गुण कामी येत नाही. वेग घटला की वाऱ्याचा प्रश्नच उरत नाही, उरते ते वजन आणि बेस बारची गैरसोयीची पकड. उतरताना डिस्क ब्रेक चोख काम करतात, तरी वळणांवर रोड सायकलीसारखा विश्वास वाटत नाही. ज्यांचे सायकलिंग म्हणजे मुख्यतः पन्हाळा, जोतिबा आणि गगनबावडा, त्यांनी हा पैसा चांगल्या रोड सायकलीत घालावा.

पाणी, खाणे आणि सुटे सामान ठेवण्याच्या जागा सांगाड्याच्या आकारात मिसळलेल्या आहेत आणि बाहेरून काही चिकटवल्याचा भास होत नाही. एवढी खटपट करून एका गोष्टीवर मात्र ट्रेकला उत्तर सापडलेले नाही. मुधाळतिट्ट्याला चहासाठी थांबलो असता तिथे बसलेल्या एका आजोबांनी सायकल पुढून-मागून न्याहाळली आणि विचारले, “पाव्हणं, एवढी भारी सायकल, आणि हिला स्टँड न्हाई व्हय?”

देखभालीचा भाग घेण्यापूर्वीच समजून घ्यावा. ब्रेकच्या नळ्या बेस बारमधून सांगाड्यात शिरतात, त्यामुळे वरवर साधे वाटणारे हेडसेटचे (हँडल फिरते त्या बेअरिंगचे) कामही वेळखाऊ होते, आणि नळी सोडावी लागली तर पुन्हा मिनरल ऑइल भरून ब्लीड करावे, म्हणजे आतली हवा काढावी, लागते. हे काम ज्याने आधी केलेले आहे अशाच कारागिराकडे द्यावे. जून ते सप्टेंबर बहुतेक सराव घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या यंत्रावर) होतो आणि त्या काळात घाम नेमका स्टेमवर ठिबकून स्क्रू व बेअरिंगवर बसतो. स्टेमवर टॉवेल टाकावा आणि दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. अल्टेग्रा डी-आय-टू या इलेक्ट्रॉनिक गिअरची चार्जिंगची जागा मागच्या डिरेल्युअरवर (साखळी सरकवणाऱ्या भागावर) असल्यामुळे स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती विसरण्याचे निमित्त उरत नाही. खोल रिमला लांब व्हॉल्व्हची ट्यूब लागते आणि ती गावातल्या पंक्चरच्या दुकानात कधीच मिळणार नाही, म्हणून अशी एक ट्यूब, टायरमध्ये घालायचा तुकडा आणि सीलंटची छोटी बाटली कायम जवळ असावी.

किमतीबद्दल स्पष्ट बोलायचे तर ही सायकल चारचाकीच्या भाषेत मोजावी लागते. २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरील सीमाशुल्क ३० वरून ३५ टक्के झाले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे काहीसा दिलासा आहे. पैशाची विभागणी करायची झाल्यास फिटिंग, सॅडल आणि टायर यांची रक्कम आधी बाजूला काढावी आणि उरलेल्या पैशात एसएलआर ७ आणि ९ यांपैकी जे बसेल ते घ्यावे. वरच्या मॉडेलचे गिअर आणि चाके अधिक हलकी असतात, पण सपाट ९० किलोमीटरमध्ये त्या ग्रॅमांचा हिशेब फारसा लागत नाही, म्हणून मी ७ वरच थांबलो.

वापरलेली घ्यायची असेल तर संधी मिळतात, कारण एका स्पर्धेनंतर हौस फिटलेले लोक सायकली काढून टाकतात. मात्र ट्रेकची सांगाड्यावरील आजीव हमी मूळ खरेदीदारापुरती असते. त्यामुळे सीट पोस्ट बाहेर काढून घेऊन आतील भाग, बेस बारच्या पकडीची जागा आणि चेन स्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या) यांवर बॅटरीच्या उजेडात भेगा आहेत का ते बघावे, गाद्या आपल्या आकड्यांवर खरोखर येतात का हे टेप लावून मोजावे, आणि विकणारा ट्रेनरवर सराव करत असे असे कळले तर हेडसेट उघडून दाखवायला सांगावे.